डॉल्फिन ट्रिप, "नाय दिसला तर पैसे परत" वाली आणि दुसरी एक

मी गोव्यातल्या म्हापश्याचा, त्यामुळे डॉल्फिन ट्रिप हा प्रकार आम्ही स्वतःहून कधी करत नाही, तो पाहुण्यांसाठी राखीव असतो. यंदा डिसेंबरात वेंगुर्ल्याहून मावशी आली, बरोबर कोल्हापूरची मावसबहीण आणि तिची दोन पोरं, आणि पोरांचा पहिल्या दिवसापासून एकच धोशा, डॉल्फिन डॉल्फिन. शेवटी दोनदा जाणं झालं, एकदा उत्तरेत आणि एकदा पार दक्षिणेला काणकोणात, म्हणून हे लिहितोय. पहिलीला ५ पैकी २ स्टार, तेही पोरं खूश झाली म्हणून.

पहिली ट्रिप मांडवी नदीच्या मुखाजवळ, बार्देसच्या बाजूच्या एका जेटीवरून. कोणाची ते लिहीत नाही कारण तिथं एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा. माणशी ५०० सांगितले, मावशीने सुंगटाचा, म्हणजे कोळंबीचा, वाटा घेताना करते तशी घासाघीस करून ४०० वर आणले. बोर्डावर हे मोठ्या अक्षरात, डॉल्फिन दिसला नाही तर पूर्ण पैसे परत. मला तेव्हा ते एकदम भारी वाटलं, म्हटलं माणसाला खात्री असल्याशिवाय असं कोण लिहितं.

लाइफ जॅकेट मिळाली पण ओली आणि कुबट, माझ्या जॅकेटचं बकल तुटलेलं होतं ते पोऱ्याने सुतळीने बांधून दिलं. बोटीत वीस-बावीस जण. मागच्या बाकावर बसू नका, इंजिनाचा सगळा धूर तिथंच येतो, धाकट्याने तिथंच उलटी केली. मग आग्वादचा किल्ला, १६१२ चा, खाली जुना तुरुंग ज्याचं आता म्युझियम झालंय, मग तो हिरेवाल्याचा बंगला जो दाखवल्याशिवाय एकही बोट परत येत नाही, सगळं एका दमात सांगून झालं. तोवर ठीक होतं.

मग कोणीतरी शिट्टी मारली. लांब डॉल्फिनचा पर दिसला, करडा, छोटासा, पाठीवर उंचवटा. आणि बघता बघता आजूबाजूच्या सात-आठ बोटी वळल्या आणि सगळ्या फुल स्पीडने तिकडे. तो बुडाला की सगळे अंदाज घेत थांबणार, डावीकडे वर आला की सगळे डावीकडे, दोन बोटींनी तर पुढे जाऊन आडवं घातलं, म्हणजे अक्षरशः रिंगण. तिथं एक नव्हता, दोन होते, एक मोठा आणि त्याच्या कुशीला लागून एक लहान. लोक उभे राहून ओरडतायत, मोबाइल वर, बोट एका अंगाला कललेली. मावशी आधी गप्प होती, मग तिचा आवाज चढला, "अरे मेल्यांनू, त्येका श्वास तरी घेवक देवा!" पोऱ्या हसला. तिच्या माहेरी याला गादो म्हणतात आणि ती लहानपणापासून किनाऱ्यावरून बघत आलीय, तिला फोटोबिटोचं काही पडलेलं नाही.

घरी येऊन वाचत बसलो. आपल्याकडे किनाऱ्याजवळ दिसतो तो बहुतेक वेळा कुबडवाला डॉल्फिन, इंडियन ओशन हम्पबॅक. हा खोल समुद्रातला नाही, किनाऱ्याला धरून उथळ पाण्यात राहणारा, दक्षिण आफ्रिकेपासून आपल्यापर्यंत सगळीकडे तसाच, आणि नदीचं मुख म्हणजे त्याचं जेवणाचं ताट. शेवटो, म्हणजे गोव्याचा राज्यमासा, तोही याच्या खाण्यात येतो. म्हणून तो मांडवीच्या तोंडाशी असतो आणि म्हणूनच आपल्या बोटीही तिथंच असतात. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत तो धोक्यात आलेला, एन्डेंजर्ड म्हणून नोंदलाय, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शेड्युल १ मध्ये आहे, म्हणजे कागदावर वाघाच्या पंगतीत. मादीला एका वेळी एकच पिल्लू, आणि दोन पिल्लांमध्ये साधारण ३ वर्षं. त्यात तो पाण्यात बघतो कमी आणि ऐकतो जास्त, आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून मासे हुडकणारा प्राणी, त्याच्या डोक्यावर आठ इंजिनं. लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून फोनवर बोलून बघा. ऑस्ट्रेलियात बोटीने डॉल्फिनच्या ५० मीटरच्या आत जायचं नाही असं ठरवलेलं आहे, इथं मावशीने हात लांब केला असता तर लागला असता.

आणि मग त्या बोर्डाचं डोक्यात आलं. सगळं तिथंच अडकलंय. नाही दिसला तर पैसे परत म्हटल्यावर बोटवाल्याच्या डोक्यात वीस माणसांचे आठ हजार, डिझेल तर जळलेलंच, त्यामुळे डॉल्फिन दिसला की तो सोडणार कसा, आणि एका बोटीला दिसला की बाकीच्यांनाही तोच लागतो. तो माणूस वाईट नाही हो, पोऱ्याने धाकट्याला लिंबू दिलं, पाणी दिलं. पण आपण पैसे समुद्रावरच्या तासाचे देत नाही, डॉल्फिन दिसण्याचे देतो. मी पण दिले. दिसला नसता तर परत मागितले पण असते, खोटं कशाला बोलू.

दुसरी ट्रिप जानेवारीच्या शेवटी. ऑफिसातल्या एकाने काणकोणातल्या पाळोळेच्या एका काकांचा नंबर दिला, एरवी मासेमारी, सीझनला सकाळी लोकांना फिरवतात. म्हापश्याहून दोन-सव्वादोन तास, पहाटे साडेचारला निघालो, पोरं गाडीत झोपलेली. होडी लाकडी, एका बाजूला उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारं आडवं लाकूड, लावलेली, आम्ही सहा जण म्हणजे फुल. माणशी ८०० आणि मावशीची घासाघीस इथं अजिबात चालली नाही. काकांनी आधीच सांगितलं, दिसला तर दिसला, नाही दिसला तरी पैसे पूर्ण. मावसबहिणीचा चेहरा बघण्यासारखा होता.

बाहेर गेलो आणि इंजिन बंद. फक्त पाण्याचा चप चप. काका बोलले, "राव मात्शें, येतलो तो." म्हणजे थांबा जरा, येईल तो. पंधरा मिनिटं काही नाही, थोरला कंटाळला, मला पण वाटलं गेले पैसे. मग लांबवर पक्षी पाण्यावर सूर मारायला लागले, काका म्हणाले खाली तारली मासे असणार, आणि त्या बाजूला फुस्स असा आवाज. आधी आवाज आला, मग पाठ दिसली! बंद इंजिनात त्याचा श्वास ऐकू येतो हे मला इतकी वर्षं गोव्यात राहून माहीत नव्हतं. तीन होते. ते आमच्याकडे आले नाहीत, आम्ही पण गेलो नाही, दहाएक मिनिटं आपापलं चाललेलं. फोटोत फक्त ठिपके आलेत, ग्रुपवर टाकले तर सगळ्यांनी विचारलं हे काय आहे. उड्याबिड्या काही नाहीत, ते टीव्हीवर गिरक्या घेतात ते स्पिनर, वेगळे, हा आपला वर येतो, वाकतो, जातो.

काका काही साधू नाहीत. परतताना गाद्याला शिव्या घालून झाल्या, जाळ्यातला मासा ओढतो आणि जाळं फाडतो म्हणून, शिवणार कोण. पण त्याहून जास्त शिव्या एलईडीवाल्यांना, म्हणजे रात्री झगझगीत दिव्यांनी मासे ओढून धरणाऱ्या बोटींना. ती मासेमारी केंद्राने २०१७ मध्ये बंद केली पण रात्री समुद्रात उजेड दिसतोच असं त्यांचं म्हणणं, लहान-मोठं सगळं एकदम उचललं की आम्ही काय खायचं आणि गाद्याने काय. मावशीला हे इतकं पटलं की दोघांची तासभर किनाऱ्यावर बैठक, एक कोकणीत एक मालवणीत, वेंगुर्ल्यात बांगडा कसा महाग झालाय इथपर्यंत.

तक्रारी इथं पण आहेत. होडीत चढताना कमरेपर्यंत भिजता, सत्तरीच्या माणसाला कठीण, मावशीला दोघांनी उचलून बसवली. सावली नाही. जॅकेट होती पण लहान मुलांच्या मापाची एकच. ऑनलाइन पैसे घेत नाहीत, सुटे न्या. टॉयलेट विचारू नका. ५ पैकी ४.

जाणार असाल तर सकाळी सातच्या आत पाण्यात असायला हवं, दिवस चढला की वारा सुटतो आणि लाटांत पाठ ओळखू येत नाही. मेअखेरीस होड्या वर ओढतात, मग मासेमारीबंदी आणि पाऊस, त्यामुळे ऑक्टोबरपर्यंत विसरा. कुठल्याही बोटीत बसण्याआधी एकच विचारा, इंजिन बंद करणार का? आमच्या जेटीवर परवा सहज जाऊन विचारलं, तर बोटवाला म्हणाला बंद केलं तर परत चालू होईलच असं नाही.