कुर्ल्यात बांधून घेतलेलं चाकांवरचं घर

कुर्ल्याला सीएसटी रोडच्या आतल्या गल्लीत एक गॅरेज आहे. बाहेर पाटी नाही. टेम्पो, रुग्णवाहिका, खाऊच्या गाड्या यांच्या बॉडीचं काम तिथे वर्षानुवर्षं चालतं. आमची गाडी, म्हणजे आता आमचं राहतं घर, तिथेच तयार झाली. मालक कॅम्परची, म्हणजे राहण्याजोग्या गाड्यांची, कामं वर्षाला मोजकीच घेतात आणि नाव छापू नका असं त्यांनी आधीच सांगितलंय, म्हणून सगळे म्हणतात तसं मीही त्यांना चाचाच म्हणते. नाव नसलं तरी काम कसं झालं ते सविस्तर लिहिते, कारण असं काम कुठल्याही गॅरेजला द्यायला गेलात तरी हेच प्रश्न समोर येणार आहेत.

आमच्याबद्दल थोडं. मी केईएममध्ये परिचारिका होते, आमचे हे बेस्टच्या वीज खात्यात. दोघंही निवृत्त. परळची आमची इमारत पुनर्विकासाला गेली. नवी जागा हाती येईपर्यंत दर अकरा महिन्यांनी भाड्याचं घर बदलत, एजंटला दलाली देत बसायचं आमच्या जिवावर आलं होतं. ह्यांच्या डोक्यात गाडीचं बरीच वर्षं होतं. मी म्हटलं, आत्ता नाही तर कधी? पालघरच्या एका ओळखीच्या कंपनीची सेकंडहॅण्ड फोर्स ट्रॅव्हलर मिळाली, उंच छपराची डिलिव्हरी व्हॅन. ह्यांची उंची चांगली आहे, तरी आत ताठ उभं राहता येतं, आणि कायम राहायचं असेल तर ही गोष्ट पहिली बघा. वाकून स्वयंपाक करणं आठवडाभर जमेल, वर्षभर नाही. शिवाय ट्रॅव्हलरचा मेकॅनिक महाराष्ट्रात कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो.

चाचांकडे जाण्याआधी दोन-तीन ठिकाणी चौकशी केली होती. एकाने लॅपटॉपवर चित्रं दाखवली: पांढरं फर्निचर, छताला पिवळे दिवे, घडीचा पलंग, टीव्ही. मी विचारलं, हवा कुठून येणार? तो म्हणाला, एसी आहे ना. चाचांनी चित्र दाखवलं नाही. खडू घेऊन गाडीभोवती फिरले आणि मला म्हणाले, "सिस्टर, पलंग बाद में. पहले ये बोलो, हवा किधर से आएगी, किधर से जाएगी." मी तिथेच ठरवलं, काम यांनाच द्यायचं.

आयुष्य वॉर्डात गेलंय माझं. हवा खेळत नसलेल्या खोलीत माणसाची तब्येत कशी उतरत जाते ते मी पाहिलेलं आहे. मुंबईत गाडीत राहायचं म्हणजे जागेची अडचण दुय्यम, ती दोन महिन्यांत अंगवळणी पडते. उकाडा आणि ओल मात्र अंगवळणी पडत नाही. मे महिन्यात इथे रात्रीचा पारा सत्तावीस-अठ्ठावीसच्या खाली उतरत नाही, आणि पत्र्याची गाडी दिवसभर तापलेली असते. दोन माणसं रात्रभर श्वासातून आणि घामातून निदान अर्धा लिटर पाणी त्याच हवेत सोडतात. वर स्वयंपाकाची वाफ. ते सगळं बाहेर काढायची सोय नसेल तर पावसाळ्यात गादीखाली बुरशी धरलीच म्हणून समजा.

चाचांनी छताला मागच्या बाजूला पावसातही चालेल असा झाकणाचा पंखा बसवला, तो हवा बाहेर फेकतो. पुढच्या बाजूला, ड्रायव्हरच्या मागे, गुडघ्याच्या उंचीवर जाळीची खिडकी दिली, तिथून आत येते. म्हणजे हवा खालून शिरते, पलंगावरून जाते आणि वरून निघते. दोन्ही तोंडं एकाच भिंतीला दिली असती तर पंखा फिरत राहिला असता आणि आम्ही घामाघूम झालो असतो. पलंगाला सलग प्लाय नाही, फळ्यांमध्ये बोटभर फटी ठेवल्यात. गादीला खालून वारा लागतो. भर जुलैत मी रोज हात घालून बघत होते. कोरडी.

उष्णता अडवायला पत्र्याच्या आत त्यांनी नायट्राइल रबराची शीट चिकटवली, एसीच्या डक्टला लावतात ती काळी. आधीच्या ठिकाणी थर्माकोल सुचवला होता. थर्माकोल आगीला धोक्याचा, आणि पत्र्याला नीट चिकटत नसल्याने मागे पोकळी राहते. तिथे पाणी साचून पत्रा आतून गंजतो, तो बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. रबराची शीट पाणी पीत नाही आणि वळणावर वळते. वरच्या छताला दुहेरी थर घ्या, पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. खिडकीसाठी पत्रा कापला तेव्हा मी तिथे उभी होते. कापलेली कड कानशीने घासून झाल्यावर चाचांनी पोराला ब्रश बाजूला ठेवायला लावला. गंज रोखणारा झिंक प्रायमर बोटावर घेऊन त्यांनी ती कड स्वतः फिरवली, चारही कोपरे, आतल्या बाजूनेसुद्धा. वाळल्यावर दुसरा हात. मग पीयू सीलंट, म्हणजे फट बुजवणारा पॉलियुरेथेनचा चिकट लेप, आणि मगच खिडकी. सिलिकॉन का नाही, असं विचारलं तर म्हणाले, त्यावर रंग धरत नाही आणि गाडी हलते तसं ते सुटतं. समुद्राच्या खाऱ्या हवेत गाडीची उघडी कड किती दिवस टिकणार? बाहेरचे स्क्रूही सगळे स्टेनलेसचे, तीनशेचार ग्रेड. प्लाय लागला तिथे आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का बघून घेतला, बाकी सांगाडा अॅल्युमिनियमच्या सेक्शनचा. त्याने वजन आटोक्यात राहिलं.

आता कागद. यात पुष्कळ लोक फसतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठणकावून सांगितलं. चाचांनी पहिल्याच भेटीत आरसी मागितली आणि आरटीओची लेखी परवानगी आल्याशिवाय पत्र्याला करवत लावणार नाही म्हणाले. तेव्हा मला तो वेळकाढूपणा वाटला नाही, आजही वाटत नाही. चासी, इंजिन, ब्रेक यांना हात नाही. आतल्या बदलांचा आराखडा आधी दाखवला, मग काम, मग तपासणी, मग आरसीवर नोंद. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा प्रकार नियमांत बिगर-परिवहन वाहनांमध्ये आहे. मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस १२४ नावाचं वेगळं मानकही आहे, आणि तयार कॅरॅव्हॅन विकत घेणार असाल तर बांधणाऱ्याकडे त्या मानकाचं प्रमाणपत्र मागा. विमा कंपनीला बदल लेखी कळवून पॉलिसीत उल्लेख करून घ्या. गाडीला आग लागली आणि कागदावर ती अजून मालवाहू असली, तर दावा मांडणार कशाच्या जोरावर?

विजेचं काम ह्यांनी आणि चाचांच्या वायरमनने मिळून केलं, आणि त्यावरून गॅरेजमध्ये रोज वाद झाले. वायरमन तरुण, हुशार, पण घाईचा. ह्यांचं म्हणणं, बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत मुख्य फ्यूज हवाच, आणि प्रत्येक लाइनला वेगळा. शेवटी तसंच झालं. लोहार चाळीतून, मुंबईच्या विजेच्या सामानाच्या बाजारातून, केबल, लग, फ्यूजबॉक्स ह्यांनी स्वतः निवडून आणले. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १२.८ व्होल्ट, २०० अॅम्पिअर-अवर. म्हणजे अडीच युनिटच्या जरा वर वीज. फ्रिज बारा व्होल्टचा, कॉम्प्रेसरवाला, दिवसाला साधारण अर्धं युनिट खातो. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, पंखा तीसेक वॅटचा. दिवे, फोन, ह्यांचा रेडिओ धरून दिवसाला एक युनिट लागतं. छतावर ४०० वॅटची पॅनेलं आहेत, ऑक्टोबर ते मे ती पुरून उरतात.

पावसाळ्याचं गणित निराळं. सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी आठशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सूर्य दिवसच्या दिवस दिसत नाही. तेव्हा बॅटरी इंजिनवर भरावी लागते आणि त्यासाठी अल्टरनेटर (इंजिनवर वीज तयार करतो तो) आणि बॅटरीच्या मध्ये करंट मर्यादेत ठेवणारा डीसी टू डीसी चार्जर लागतो. साध्या रिलेवर, म्हणजे नुसत्या आपोआप जोडणाऱ्या स्विचवर, भागवू नका. लिथियम बॅटरी एकदम जास्त करंट ओढते आणि अल्टरनेटर तापून जळतो. हा चार्जर चाचांच्या कोटेशनमध्ये नव्हता, ह्यांनी घालायला लावला. गॅरेजचा माणूस पॅनेलांवर भर देत असेल तर त्याला जुलैबद्दल विचारा.

एसीबद्दल सगळे विचारतात. एक टनाचा इन्व्हर्टर एसी आठशे ते हजार वॅट घेतो, म्हणजे आमची भरलेली बॅटरी अडीच-तीन तासांत रिकामी. आम्ही लावला नाही. बाहेरून वीज मिळते तिथे जोडायला सॉकेट आहे, त्यावर चार्जर चालतो.

स्वयंपाक पाच किलोच्या सिलिंडरवर. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं आणि घराच्या बाजूने तो कप्पा पूर्ण बंद हवा. चाचांनी हे न सांगता केलं होतं. रुग्णवाहिकेत ऑक्सिजनची नळकांडी बसवून त्यांचा हात तयार झालाय, सिलिंडरचा पट्टा हलवून बघितला तर तसूभर सरकत नाही.

नाराजी आहे ती पाण्याच्या कामावर. टाकी चांगली आहे, अन्नासाठी चालणाऱ्या प्लॅस्टिकची, साफ करायला हात जाईल एवढं तोंड ठेवलंय. पण आंघोळीच्या ट्रेचा उतार उलटा झाला. पाणी निचऱ्याकडे न जाता दाराकडे यायचं. दोनदा गाडी परत न्यावी लागली. दुसऱ्या वेळी ट्रे काढून नवा बसवला, पैसे घेतले नाहीत, पण गाडी अडकून पडली आणि आम्ही बोरिवलीला नणंदेकडे राहिलो. वेळेचंही तसंच. दोन महिने म्हणून काम घेतलं आणि गणपतीपासून पार नाताळपर्यंत गेलं. प्लंबिंगची सवय या गॅरेजला नाही हे स्पष्ट सांगते. ते काम वेगळ्या माणसाला द्या किंवा प्रत्येक टप्प्याला बादलीभर पाणी ओतून बघा.

शौचालय आम्ही सुटं घेतलं, दोन टाक्यांचं. ते फक्त संडासातच रिकामं करायचं. रस्त्याकडेच्या गटारात ओतणारे लोक मी पाहिलेत आणि त्यांना तोंडावर सांगितलंय. पावसात तेच पाणी वस्त्यांमध्ये शिरतं, आणि कावीळ, गॅस्ट्रो घेऊन तिथलीच पोरं वॉर्डात येतात.

राहतो कुठे? मुंबईत रस्त्यावर गाडी लावून झोपायचं आम्ही ठरवूनच टाळतो. महिन्यातले काही दिवस नणंदेच्या सोसायटीत, सेक्रेटरींची लेखी परवानगी घेऊन आणि मेंटेनन्समध्ये भर घालून. बाकी उत्तनला एका ओळखीच्या वाडीत, रोजाप्रमाणे पैसे देऊन. तिथे विहिरीचं पाणी आणि विजेचा पॉइंट आहे. वाडीच्या काकू सकाळी बोंबील विकायला निघताना आमच्या दारावर थाप मारतात, उठलात का म्हणून. अलिबागला जायचं तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट रोरो बोट जाते. मॉलच्या आणि हॉस्पिटलच्या तळघरात मात्र उंच छपराची गाडी शिरत नाही, ह्यांच्या तपासणीला जाताना गाडी बाहेरच कुठेतरी लावून रिक्षा करावी लागते. पत्ता कुठला द्यायचा हेही आधी ठरवा. आधार, बँक, पेन्शन, आरसी, सगळं नणंदेच्या पत्त्यावर आहे. तिने होकार दिला नसता तर आम्ही हे पाऊल उचललं नसतं.

खर्च: गाडी सोडून सगळं मिळून सात लाखांच्या आसपास, त्यात बॅटरी आणि विजेचं सामान सर्वांत महाग. शोरूमसारखं फिनिशिंग हवं असेल तर चाचांकडे जाऊ नका. कपाटांच्या दारांना लॅमिनेटची कड एक-दोन ठिकाणी ओबडधोबड आहे, रंगाचे पर्याय तीनच. ज्यांना गाडीत खरोखर राहायचंय त्यांनी जावं.

पैसे गुंतवण्याआधी एखादी कॅरॅव्हॅन भाड्याने घेऊन काही रात्री काढा. राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, भाड्याच्या गाड्या मिळतात. फक्त डिसेंबरात घेऊ नका, डिसेंबरात सगळ्याच गाड्या छान वाटतात. जूनच्या शेवटी घ्या, तीसुद्धा कोकणात किंवा मुंबईच्या आसपास.

चाचांकडे जाणार असाल तर शुक्रवारी दुपारी जाऊ नका, नमाजाला गॅरेज बंद असतं. पावसाळ्यात ते छताला भोक पाडायचं काम घेत नाहीत, दसऱ्यानंतरची तारीख मागा. आरसी आणि गाडीच्या आतली मापं लिहून न्या. आणि पोरांसाठी काहीतरी खायला न्या, मी नेलेल्या थालीपिठांची ते अजून आठवण काढतात.