चार तारांचा वायबीसीओ संच: चकती चांगली, तापमानाची बाजू लंगडी

चुंबक तरंगवून दाखवायला यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडची (वायबीसीओची) कोणतीही चकती चालते. अतिसंवाहकता (थंडीत विद्युतरोध नाहीसा होणे) कोणत्या तापमानाला सुरू होते आणि कुठे पुरी होते हे पाहायचे, तर चार तारा व थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी) बसवलेला हा संच हवा.

बाहेरच्या दोन तारांतून 100 मिलिअँपिअर सोडायचे आणि आतल्या दोन तारांवर व्होल्टेज वाचायचे. तारांचा व सांध्यांचा रोध त्यात येत नाही. अडचण मीटरची आहे. चकतीचा रोध काही मिलिओहमच असतो, म्हणून 0.1 मिलिव्होल्टच्या मल्टिमीटरवर अतिसंवाहक होण्याचे सगळे संक्रमण दोन-चार आकड्यांत उरकते. 1 मायक्रोव्होल्ट दाखवणारा मीटर घ्याच. तरीही ‘शून्य’ म्हणजे 10 मायक्रोओहमपेक्षा कमी, एवढेच म्हणता येते. दर तापमानाला धारा उलटवून दोन वाचनांच्या फरकाचे निम्मे घ्या. नाहीतर सांध्यांवरचे औष्णिक व्होल्टेज शून्य दिसूच देत नाही.

तापमानाची बाजू कच्ची आहे. टी-प्रकारचा थर्मोकपल 77 केल्विनजवळ केल्विनमागे जेमतेम 16 मायक्रोव्होल्ट देतो, आणि तोही चकतीच्या एकाच अंगाला. द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवताना घेतलेली वाचने टाकून द्या. चकती वर उचलून मिनिटाला अर्धा-एक केल्विन या वेगाने तापू द्या आणि तेव्हा मोजा.

मग रोध आणि तापमान यांचा जो आलेख मिळतो त्यासाठी संच घ्यावा. साधारण 92 केल्विनला तो एकदम खाली वळतो: चकतीतल्या बारीक स्फटिककणांच्या आतले तांबे-ऑक्सिजनचे थर अतिसंवाहक झालेले असतात. शून्य मात्र काही केल्विन खाली येते, कारण कणाकणांमधले सांधे दुबळे असतात. धारा 20 मिलिअँपिअरवर आणली की वळणापासून शून्यापर्यंतची ही शेपटी आखडते, वरचे वळण जागचे हलत नाही. थरांच्या दिशेचा आणि थरांना लंब असलेला रोध वेगवेगळा मोजायचा असेल तर हा संच उपयोगाचा नाही. चकतीत कण आडवेतिडवे बसलेले असतात, त्याला एकस्फटिकच (सलग एकच स्फटिक असलेला तुकडा) लागतो. जोडीला बिस्मथच्या 2223 प्रकारच्या अतिसंवाहकाची चकती मिळाली तर घ्या. तिच्यात वायबीसीओतल्या दोनाऐवजी तीन तांबे-ऑक्सिजन थरांचा गट असतो आणि वळण 110 केल्विनच्या आसपास दिसते.

ओलीने चकती खराब होते. बाहेर काढताच दव धरते, म्हणून सिलिका जेल घातलेल्या बंद पिशवीतच गरम होऊ द्या. सुटलेली तार चांदीच्या पेस्टने चिकटवा. साधे कथील या चकतीला धरत नाही.