एमजीबी हीट घेतेय: रेडिएटर रिकोअर करायचा, ॲल्युमिनियम टाकायचा की इलेक्ट्रिक फॅन लावायचा?

एमजीबी, म्हणजे ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतली, हौसेने क्रोम घासून चकचकीत केलं आणि पहिल्याच कडक उन्हात काटा एच कडे झुकायला लागला की माणूस लगेच मोबाईल काढून ॲल्युमिनियमचा रेडिएटर शोधायला बसतो. जरा थांबा. ही गाडी 1962 ते 1980 इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला बनली, पाच लाखांच्या वर बनली आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या, म्हणजे कॅलिफोर्निया-टेक्सासच्या उन्हात लोक ह्या रोज ऑफिसला नेत होते, कंपनीच्याच रेडिएटरवर. तेव्हा "ब्रिटिश गाडी आहे, तापणारच" हे मला अजिबात पटत नाही. 1798 सीसीचं साधं इंजिन असेल आणि ते आज तापत असेल तर डिझाईन नाही, पन्नास वर्षांचा गाळ तापवतोय.

म्हणून पैसे काढायच्या आधी एकच बघा, गाडी नक्की कधी तापते. ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापते आणि मोटरवेला लागली की काटा खाली येतो, तर हवा कमी पडतेय, फॅनचा प्रश्न. उलट गावात ठीक आणि सत्तरच्या स्पीडला, म्हणजे आपल्या हिशोबाने एकशे दहा-बाराला, काटा हळूहळू चढत जातो, तर तिथे फॅन काहीही करू शकत नाही कारण त्या वेगाला समोरून फॅनपेक्षा जास्त हवा आपोआप येतेय. तिथे रेडिएटर चोंदलाय, नाहीतर इंजिनाचा ब्लॉक, नाहीतर टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे गेलंय. टायमिंगचं लोक विसरतातच. टायमिंग रिटार्ड असलं किंवा गाडीचे एसयू कार्ब्युरेटर लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त घेऊन, चालत असले की तुम्ही कितीही भारी रेडिएटर टाका, इंजिन गरम चालणारच. व्हॅक्यूमची नळी तडकलीय का, डिस्ट्रिब्युटरच्या आतले टायमिंग पुढे नेणारे वजनं अडकलेत का, हे बघायला खर्च काहीच नाही.

आता ब्लॉक. मागच्या बाजूला पाणी काढायची तोटी असते (काहींना नुसता प्लग असतो). ती उघडली आणि थेंबही आला नाही तर तोटी छान घट्ट आहे म्हणून खूश होऊ नका, आत चार नंबर सिलिंडरच्या बाजूला गंजाचा चिखल बसलाय. तार घालून ढवळा, आधी विटकरी रंगाची पेस्ट येते, मग एकदम पाणी सुटतं. होज पाईप लावून उलट-सुलट धुवा, स्वच्छ पाणी येईपर्यंत. हे न करता नवीन रेडिएटर बसवला तर तोच गाळ थोड्या दिवसांत नव्या रेडिएटरमध्ये जाऊन बसतो, मग शिव्या रेडिएटर विकणाऱ्याला.

हे सगळं करून पण मोटरवेला तापतेच, तर मग खरी निवड: जुना रिकोअर करायचा (म्हणजे जुन्याच टाक्यांना नवा कोर, मधली नळ्या-पट्ट्यांची जाळी, बसवायचा) की ॲल्युमिनियमचा घ्यायचा. तांबं ॲल्युमिनियमपेक्षा उष्णता जास्त चांगली वाहतं हे खरं आहे, पण तेवढ्यावर निकाल लागत नाही. ॲल्युमिनियमच्या नळ्या रुंद असतात आणि पट्ट्यांना थेट ब्रेझ केलेल्या असतात, मध्ये डाख नाही, त्यामुळे त्याच साईझमध्ये ॲल्युमिनियमवाला कमी पडत नाही, कधी कधी सरसच ठरतो, वजनालाही हलका. अडचण वेगळीच आहे. ह्या इंजिनाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे, मग ॲल्युमिनियमचा रेडिएटर आला की गंजाचा मार सगळ्यात आधी त्यालाच, त्यामुळे कूलंट वेळेवर बदलणारा माणूस असाल तरच तो घ्या, नुसतं नळाचं पाणी भरून चालवणाऱ्याने तिकडे बघू पण नये. शिवाय फुटला तर जवळच्या गॅरेजात दुरुस्त होईलच असं नाही, वेल्डिंग जमणारा माणूस शोधावा लागतो. पितळी टाकी आणि तांब्याचा कोर म्हटलं तर डाख लावून पुढची वीस वर्षं बघायला नको. आणि दिसायलाही बॉनेट उघडल्यावर काळा ओरिजिनल रेडिएटर तो काळा ओरिजिनल रेडिएटर, हे माझं वैयक्तिक वेड समजा.

थोडक्यात साधं इंजिन असेल तर रिकोअर. इंजिन बोअर वाढवून, कॅम बदलून ट्यून केलेलं असेल किंवा ट्रॅकवर नेत असाल तर ॲल्युमिनियम.

अजून एक, इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतो तो घेऊन जुन्या रेडिएटरवर आडवा-उभा फिरवा, मध्येच थंड पट्टा सापडला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. चकचकीत ॲल्युमिनियमवर ते यंत्र चुकीचं, कमी तापमान दाखवतं, तिथे मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा.

फॅनचं बघू. मूळ फॅन वॉटर पंपाच्या पुलीवर, म्हणजे इंजिन आयडलला हळू तर फॅनही हळू, नेमकी गरज तेव्हाच. बदल्यात त्याला वायर नाही, रिले नाही, स्विच नाही, पट्टा तुटेपर्यंत तो फिरतोच. इलेक्ट्रिक फॅन ट्रॅफिकमध्ये निर्विवाद चांगला, कंपनीने स्वतः शेवटच्या वर्षांत तोच दिला. पण 1967 पर्यंतच्या गाड्यांना डायनॅमो आहे, 22 अँपिअरचा, आणि आयडलला तो जवळपास काहीच देत नाही. पावसात, रात्री, हेडलाईट-वायपर चालू आणि वरून हा फॅन, म्हणजे सगळा भार बॅटरीवर. अल्टरनेटर असेल तर बिनधास्त लावा, डायनॅमो असेल तर आधी मूळ फॅनची पाती आणि पट्ट्याचा ताण नीट करा आणि रेडिएटरच्या कडेने जिथून हवा निसटते त्या फटी फोम लावून बुजवा, फरक पडतो.

त्याच जुन्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं) पण आहेत, हे लक्षात न घेता खोक्यावरच्या चित्राप्रमाणे वायरी जोडल्या तर फॅन उलटा फिरतो आणि येणाऱ्या हवेशी भांडत बसतो. ग्रिलसमोर टिश्यू पेपर धरा, आत ओढला गेला पाहिजे. नाही गेला तर दोन वायरींची अदलाबदल. फॅन बसवताना ते प्लॅस्टिकचे टाय कोरमधून आरपार घालायचे असतात ते घालू नका, हादऱ्याने घासून नळीला भोक पडतं, ब्रॅकेट करून घ्या. फॅन चालू-बंद करणाऱ्या सेन्सरची केशनळी टॉप होजमध्ये (रेडिएटरच्या वरच्या पाईपमध्ये) कोंबायची पद्धत पण गळकी, होजच्या मध्ये बसणारा अडॅप्टर घ्या.

बाकी उपाय पटकन. जास्त पौंडाची, म्हणजे जास्त दाबाची, रेडिएटर कॅप तापमान कमी करत नाही, फक्त उकळणं पुढे ढकलते, पौंडाला साधारण दीड डिग्री, आणि जुन्या हीटरच्या पोटावर ताण येतो तो वेगळा. थर्मोस्टॅट (गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकायचा नाही, उन्हाळ्यात हवा तर 74 डिग्रीचा टाका, पण रेडिएटरच कमी पडत असेल तर त्याने काटा खाली येणार नाही, 74 चा फक्त लवकर उघडतो. वॉटरलेस कूलंट उकळत नाही हे खरं, पण पाण्याइतकी उष्णता तो उचलत नाही म्हणून इंजिन उलट थोडं जास्तच गरम चालतं, आणि महाग. माझा तरी त्याला नकार. कूलंट सिलिकेटवालं जुन्या पद्धतीचं घ्या, ऑर्गॅनिक ॲसिडवालं जुन्या डाखाला आणि सीलना त्रास देऊ शकतं, आणि रंगावर जाऊ नका, निळा-गुलाबी हे प्रत्येक कंपनीचं आपलं आपलं असतं, डबा वाचा.

आणि काटा मधोमध असताना सिग्नलला गाडी घुटमळून बंद पडत असेल, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होत असेल, तर वरचं काहीच करू नका. ते पेट्रोल कार्ब्युरेटरच्या फ्लोट बोलमध्ये वाफ होतंय, इथे ब्रिटनमध्ये 2021 पासून ई10 (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं पेट्रोल) आलं आणि इथेनॉलवाल्या पेट्रोलला हे लवकर होतं. एक्झॉस्ट आणि कार्ब्युरेटरच्या मधलं हीट शील्ड जागेवर आहे का आणि त्याच्या मागचं इन्सुलेशन गळून पडलंय का ते बघा, बहुतेक गाड्यांचं पडलेलं असतं.