बोमाँट-अ‍ॅडम्स रिव्हॉल्व्हर : पेटीचे नव्हे, शस्त्राचे मोल

दक्षिण मुंबईतील एका पुराणवस्तू विक्रेत्याकडे सध्या 54 बोअरचे, पाच बारांचे बोमाँट-अ‍ॅडम्स रिव्हॉल्व्हर विक्रीस आहे आणि एकोणिसाव्या शतकातील शस्त्रांचा संग्रह करणाऱ्यांनी ते अवश्य पाहावे. 54 बोअर म्हणजे एक पौंड शिशातून 54 गोळ्या व्हाव्यात एवढे, सुमारे 0.44 इंच व्यासाचे तोंड. रॉबर्ट अ‍ॅडम्स यांच्या 1851च्या मूळ रचनेत घोडा अंगठ्याने चढवता येत नसे. चाप ओढला की तो आपोआप उठून पडे, त्यामुळे बार झटपट निघत, पण जड चापामुळे नेम ढळे. रॉयल इंजिनिअर्समधील अधिकारी फ्रेडरिक बोमाँट यांनी केलेल्या सुधारणेमुळे घोडा दोन्ही प्रकारे चढू लागला.

नळी आणि सांगाडा एकाच अखंड घडणीचे असणे हे अ‍ॅडम्सचे खरे वैशिष्ट्य. त्या काळच्या कोल्टची नळी पाचरीने अडकवलेली असे. या नमुन्यात अष्टकोनी नळीच्या कडा अजून धारदार आहेत, सांगाड्यावरचा आणि सिलिंडरवरचा क्रमांक एकच आहे, आणि गोळी ठासायच्या दांड्याखाली, जिथे कुणाचा हात पोहोचला नाही तिथे, पोलादाला मुद्दाम दिलेल्या मूळ निळाईचा बोटभर पट्टा टिकून आहे. बाकी पृष्ठभाग तपकिरी झाला आहे, तो तसाच राहू द्यावा. घासून चकचकीत केलेली शस्त्रे मला बघवत नाहीत, कारण त्यात कडा आणि अक्षरे कायमची जातात. अक्रोडाच्या मुठीवरची जाळीदार नक्षी तळहात टेकतो तिथेच झिजली आहे, म्हणजे झीज वापराची आहे.

उणिवाही आहेत. दारू पेटवणारी छोटी टोपी (कॅप) बसवायच्या पाच निपलांपैकी, म्हणजे बारीक नळ्यांपैकी, एक नंतरचे आहे, त्याचे पोलाद वेगळे चमकते. लाकडी पेटी तर सरळसरळ नवी आहे, तरी तिच्यासकट भाव सांगितला जातो. 1857च्या उठावातील इंग्रज अधिकाऱ्याचे शस्त्र म्हणून विक्रेता जे सांगतो त्याला एकही कागद नाही. अशी रिव्हॉल्व्हरे त्या युद्धात वापरली गेली हे खरे, पण त्यावरून या नगाचा इतिहास सिद्ध होत नाही.

1959च्या शस्त्र अधिनियमातील परवान्यापासूनची सूट केवळ जुनेपणामुळे मिळत नाही. शस्त्र दुरुस्त करूनही चालण्याजोगे नसावे लागते. म्हणून परवान्याबाबत पोलिसांकडून लेखी खुलासा आधी घ्यावा, विक्रेत्याचा पुराणवस्तू विक्रीचा परवाना पाहावा आणि मग पेटी वगळून नुसत्या रिव्हॉल्व्हरचा भाव विचारावा.