हौद आणि टाकीचे सेन्सर: लातूरच्या घरातला अनुभव

लातुरात 'स्मार्ट होम' म्हटलं की दुकानदार आधी आवाजावर लागणारे दिवे दाखवतो. मला हवं होतं ते असं: हौदात पाणी किती, गच्चीवरच्या टाकीत किती, आणि नळ आला की घरात कळावं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं हे गाव. इथं एखाद्याची टाकी भरून वाहताना दिसली की जीव तुटतो.

गंजगोलाईतल्या दुकानातून संच घेतला. हौदाला एक सेन्सर, टाकीला एक, घरात पातळीचे आकडे दाखवणारा बझरवाला डबा आणि मोटारीची जोडणी. इलेक्ट्रिशियनची मजुरी धरून साडेसहा हजार गेले.

निवडताना मी एकाच गोष्टीवर अडून राहिले: इंटरनेट नसताना हे चाललं पाहिजे. वायफायवरचे बरेच स्वस्त सेन्सर आधी कंपनीच्या सर्व्हरला कळवतात, मग तिथून मोटारीला हुकूम येतो. लाइट येऊन मोटार सुरू झाली आणि राउटरला नेट मिळालंच नाही, तर ती बंद कोण करणार? आमचे सेन्सर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर थेट डब्याशी बोलतात. या पट्ट्याला आपल्याकडे परवाना लागत नाही आणि वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झपेक्षा ह्या लहरी स्लॅबमधून बऱ्या उतरतात. फोनवर ॲप आहे, पण त्याच्यावाचून काही अडत नाही. लाइट परत आल्यावर मोटार आपोआप सुरू न होता आधी दोन्ही पातळ्या तपासल्या जातात, हे मी दुकानातच प्लग काढून-लावून बघितलं. घेणाऱ्या प्रत्येकानं बघावं.

टाकीचा सेन्सर झाकणाखाली बसतो. तो आवाजाची लहर खाली सोडतो आणि ती पाण्यावरून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. आपल्या उन्हाळ्याचा संबंध इथं येतो. हवा तापली की आवाज जास्त वेगानं जातो: २० अंशाला सेकंदाला साधारण ३४३ मीटर, ४५ अंशाला ३५७ च्या आसपास. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी काळ्या टाकीत सेन्सरला पाणी आहे त्यापेक्षा वर दिसतं. मीटरभर रिकाम्या जागेत चार सेंटिमीटरचा फरक पडतो, हजार लिटरच्या टाकीत तीस-चाळीस लिटर. म्हणून तापमान मोजून हिशेब दुरुस्त करणाराच सेन्सर मागा. दुसरं म्हणजे, तोंडापासून वीस-पंचवीस सेंटिमीटरपर्यंतचं पाणी या सेन्सरला नीट मोजता येत नाही. आमच्या इलेक्ट्रिशियननं झाकणाला पीव्हीसी पाइपचा रुंद तुकडा लावून सेन्सर उंच बसवला, तेव्हा टाकी काठापर्यंत भरता आली.

धातूच्या कांड्या पाण्यात सोडायचे सेन्सर स्वस्त मिळतात. बोअरचं पाणी वापरत असाल तर ते घेऊ नका. क्षारांचा थर बसतो आणि पाणी असूनही टाकी रिकामी दाखवतात.

हौदाच्या सेन्सरवर मात्र माझा फार जीव आहे. आमच्याकडे नळ रोज येत नाही, आणि येतो तेव्हा रात्री-अपरात्री. आत्याबाई पाण्याच्या पाळीच्या रात्री कान टवकारून पडायच्या, दर तासाला "पाणी यायलंय का गं?" हौदातली पातळी चढायला लागली की आता बझर वाजतो. आत्याबाई पहिल्यांदा घाबरल्या, नंतर म्हणाल्या, "हे लई चांगलं केलंस बघ." बझर ऐकून आता शेजारच्या काकूही उठतात. सिमेंटच्या झाकणाखालून सिग्नल येत नाही, म्हणून सेन्सरची वायर बाहेर काढून ट्रान्समीटर भिंतीवर लावला आहे. हौद तळाला गेला की मोटार बंद होते, कोरडी फिरत नाही.

तक्रार एक आहे. संचातला रिले, म्हणजे मोटार चालू-बंद करणारा विजेचा स्विच, छोटा आहे. एक एचपीची मोटार सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. रिले चिकटला तर मोटार बंदच होणार नाही. आम्ही मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त करंट झेपणारा मोठा स्विच, टाकून घेतला. तो कंपनीनं द्यायला हवा होता.

सोबत जिन्यासाठी हालचाल ओळखणारा सेन्सरही घेतला होता. तो अंगाची उष्णता आणि भोवतालची उष्णता यांतल्या फरकावर चालतो. हिवाळ्यात उत्तम, पण मे महिन्यात भिंतीच अंगाएवढ्या तापतात, तेव्हा जवळून गेल्याशिवाय दिवा लागत नाही. गॅसचा सेन्सर घेणार असाल तर तो जमिनीपासून फूटभर उंचीवर लावा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यानं खाली साचतो.

देखभाल म्हणाल तर सेन्सरच्या तोंडावर दव धरतं, ते कोरड्या फडक्यानं पुसावं लागतं.

औशाला भावाच्या घरी हौद नाही, बोअर आहे. त्याला मी टाकीचा एकच सेन्सर सांगितला आहे. बोअरमध्ये मोटारीशेजारी सेन्सर सोडणं अवघड, पण पाणी संपलं की मोटारीचा करंट कमी होतो. तो ओळखून मोटार बंद करणारा स्टार्टर तिथं बसवायचा आहे.