तिन्ही ट्रेड चार महिन्यांत शिकवतो म्हणाले आणि ७२,००० घेतले

इलेक्ट्रिशियन, एसी आणि प्लंबिंग शिकवतो म्हणणाऱ्या एका क्लासमध्ये मी फसलो, हे लिहायला मला पाच महिने लागले, घरच्यांशिवाय कोणाला सांगितलंच नव्हतं. पण परवा आमच्या बिल्डिंगमधले एक जण, वय ५०च्या पुढे, नोकरी गेलेली, त्याच क्लासचं पॅम्प्लेट घेऊन दारात आले आणि म्हणाले तुम्ही हा कोर्स केलाय ना, कसा आहे सांगा. त्यांना आत बसवून सगळं सांगितलं, आणि मग वाटलं इथेही लिहावं.

मी कळव्याला राहतो, वय ४६. महापे एमआयडीसीत एका कंपनीत २१ वर्षं डिस्पॅचला होतो, गेल्या मार्चमध्ये युनिट हलवलं आणि आम्हाला हिशोब देऊन घरी पाठवलं. दोन महिने ऑफिसच्या नोकऱ्या शोधल्या, वय ऐकलं की फोन ठेवायचे. मग ठरवलं हाताचं काम शिकायचं. इलेक्ट्रिशियन, एसी की प्लंबिंग, रोज रात्री मी आणि बायको हाच विषय घेऊन बसायचो. एसीला पैसे चांगले पण मुख्य धंदा मार्च ते जून, आणि घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये बाराव्या मजल्याच्या छज्ज्यावर उतरून एसीचं बाहेरचं युनिट बसवायचं म्हणजे वय आणि गुडघे दोन्ही बघायला हवेत. प्लंबिंग बारा महिने चालतं, पण सोसायट्यांचे जुने प्लंबर ठरलेले असतात, तिथे नवीन माणसाला कोण बोलावणार. इलेक्ट्रिकचं मला आधीपासून आवडायचं पण त्याला परवाना लागतो एवढं माहीत होतं, तो कसा मिळतो ते नव्हतं. माझा साडू डोंबिवलीला प्लंबिंगची कामं घेतो, तो सारखा म्हणत होता की आधी महिनाभर कोणाच्या तरी हाताखाली जा, कुठलं काम झेपतं ते तिथेच कळेल. मी ऐकलं नाही, मला वाटायचं या वयात हेल्परपासून सुरुवात कशी करायची.

जूनमध्ये ठाणे स्टेशनपासून पाच मिनिटांवरच्या त्या क्लासमध्ये गेलो. बाहेर मोठा बोर्ड, सरकारमान्य, आणि कौशल्य विकास योजनेचा लोगो. काउन्सिलर मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि मी म्हटलं की तीनपैकी काय घ्यावं तेच ठरत नाहीये, तर त्या लगेच म्हणाल्या "सर, निवडायची गरजच नाही, आमचा कॉम्बो आहे, तिन्ही ट्रेड चार महिन्यांत, वर वायरमन लायसन्स आणि शंभर टक्के जॉब." माझा जीव भांड्यात पडला. इतके दिवस जे डोक्यात चाललं होतं ते एका वाक्यात मिटलं, म्हणून मी पुढचं काही विचारलंच नाही. आज त्यांच्यापेक्षा जास्त राग मला त्या वाक्याचा येतो, कारण ज्याचं ठरत नसतं त्यालाच ते वाक्य विकतात.

फी ७२,०००, आज भरली तरच हा रेट. ५,००० मी तिथेच गूगल पेने दिले आणि उरलेले "हप्त्याने भरा" म्हणाले. टॅबवर आधार पॅन टाकलं, मोबाईलवर तीन-चार ओटीपी आले ते मी वाचून दाखवत गेलो. मला वाटलं क्लासलाच हप्ते द्यायचेत. प्रत्यक्षात ते एका फायनान्स कंपनीचं कर्ज होतं, ६,१०० चे १२ हप्ते, म्हणजे ६७ हजारांचे ७३,२००, आणि ते पैसे सरळ क्लासच्या खात्यात गेलेले. मी क्लास सोडला असता तरी हप्ता माझ्याच खात्यातून कापला जाणार होता, आणि बाउन्स झाला तर चार्ज लागणार, सिबिल खराब होणार.

शिकवलं काय तर एका खोलीत आम्ही ३५-४० जण आणि मध्ये एक उघडून ठेवलेला स्प्लिट एसी. व्हॅक्युम पंप, म्हणजे एसीच्या पाईपमधली हवा ओढून काढायचं मशीन, कपाटात होता, चार महिन्यांत एकदाही चालू केला नाही. शिकवणारा मुलगा चांगला होता, आयटीआय पास, पण त्याचाच पगार थकला आणि तो दीड महिन्यात गेला, नंतर यूट्यूबचे व्हिडिओ प्रोजेक्टरवर दाखवायचे. प्लंबिंग म्हणजे पीव्हीसी पाईप कापून सोल्युशनने जोडणे, दोन दिवस.

ऑक्टोबरमध्ये सर्टिफिकेट मिळालं, होलोग्राम वगैरे, क्यूआर कोड स्कॅन केला तर त्यांचीच वेबसाईट उघडते. परवान्याचं विचारलं तर म्हणाले तुम्ही अप्लाय करा. चौकशी केल्यावर कळलं की आपल्याकडे वायरमनचा, म्हणजे तारतंत्रीचा परवाना राज्य सरकारचं अनुज्ञापक मंडळ देतं आणि या असल्या सर्टिफिकेटला तिथे काही किंमत नाही. महावितरणच्या नवीन कनेक्शनचा टेस्ट रिपोर्टसुद्धा परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरच्या सहीनेच लागतो, म्हणजे मी कितीही वायरिंग शिकलो असतो तरी सही दुसऱ्याचीच. जॉब म्हणून दोन ठिकाणी पाठवलं, एक सिक्युरिटी गार्ड आणि एक गोडाऊनमध्ये माल उचलायला. भांडायला गेलो तर मी सही केलेला फॉर्म पुढे ठेवला, त्यावर प्लेसमेंट असिस्टन्स लिहिलंय, गॅरंटी कुठेच नाही, आणि खाली फी नॉन रिफंडेबल.

नंतर वागळे इस्टेटच्या सरकारी आयटीआयमध्ये गेलो, जिथे जूनमध्येच जायला हवं होतं. आयटीआयला वयाची वरची अट नाही हे मला तेव्हा कळलं, मी समजत होतो ते फक्त दहावी झालेल्या पोरांसाठी असतं. इलेक्ट्रिशियन, वायरमन, एसी-रेफ्रिजरेशन हे सगळे दोन-दोन वर्षांचे ट्रेड आहेत, प्लंबर एक वर्षाचा. सरकार जे दोन वर्षं शिकवतं ते तिन्ही मिळून चार महिन्यांत कसं होईल, हा साधा हिशोब २१ वर्षं डिस्पॅचचे हिशोब केलेल्या माणसाने केला नाही, याचं फार वाईट वाटतं. आणि ज्या योजनेचा लोगो बोर्डावर होता, २०१५ ची पीएमकेव्हीवाय, म्हणजे प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना, त्यात शिकणाऱ्याकडून फी घेतच नाहीत. म्हणजे तो लोगो लावून कोणी फी मागितली की तिथूनच उठायचं.

नोव्हेंबरमध्ये १९१५ वर ग्राहक हेल्पलाईनला तक्रार केली. क्लासने उत्तर दिलं की कोर्स पूर्ण झालाय, सर्टिफिकेट दिलंय. आता जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकतोय, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. माझ्याकडे पुरावा म्हणजे मॅडमचा एकच व्हॉट्सॲप मेसेज, "लायसन्स + १००% जॉब". रागात मी सगळं चॅट डिलीट करणार होतो, बायकोने मोबाईल हातातून काढून घेतला म्हणून तो राहिला. बाकी सगळं तोंडी. त्यामुळे कोणी काही कबूल करत असेल तर तिथल्या तिथे मेसेजवर लिहून मागा, आणि ओटीपी सांगायच्या आधी कर्ज कोणाचं, एकूण परत किती द्यायचे हे कागदावर बघा.

जानेवारीपासून साडूच्या ओळखीच्या एका एसीवाल्याकडे ऐरोलीला हेल्पर म्हणून जातो, दिवसाचे ५०० देतात. तिसऱ्याच दिवशी त्यांनी व्हॅक्युम पंप लावायला दिला, लाईनमधली हवा आणि ओलावा काढल्याशिवाय गॅस सोडायचा नाही, आर-३२ हा एसीतला गॅस पेट घेऊ शकतो म्हणून जवळ ज्योत नको, आर-४१०ए हा दुसरा दोन गॅसचं मिश्रण आहे म्हणून लिक्विडच भरायचा. क्लासमध्ये यातलं एक अक्षर कोणी सांगितलं नव्हतं. छज्ज्यावर ते स्वतः उतरतात, मी अजून नाही, गुडघ्याचं काय होतंय ते या सीझनमध्ये कळेल, नाही जमलं तर साडूकडे प्लंबिंगला जाईन असं बोलणं झालंय.

बिल्डिंगमधले ते गृहस्थ काल भेटले, ॲडमिशन घेतलं नाही म्हणाले. माझे अजून तीन हप्ते बाकी आहेत, दर महिन्याच्या ५ तारखेला ६,१०० कापल्याचा मेसेज येतो.