चित्रावर थेट नावं की आकडे?

मॅन्युअलमधल्या चित्रात भाग दाखवायचे दोन मार्ग: रेघ ओढून शेजारी थेट नाव लिहायचं, किंवा वर्तुळात १, २, ३ टाकून खाली यादी द्यायची.

थेट नाव असलं की नजर चित्रावरून हलत नाही. तीन-चार भागांपुरतं हेच बरं. पण भाषांतराची वेळ आली की खरी पंचाईत! नाव पीएनजीतच (ठिपक्यांनी बनलेल्या चित्राच्या फाइलमध्ये) मुरलेलं असेल तर प्रत्येक भाषेसाठी चित्र नव्याने करा. एसव्हीजीत (आकार आणि मजकूर वेगवेगळे साठवणाऱ्या चित्राच्या फाइलमध्ये) मजकूर बदलता येतो, तरी लांबलचक जर्मन शब्द ठेवायचे कुठे?

आकड्यांचं चित्र सगळ्या भाषांना एकच चालतं. यादी स्क्रीन रीडरलाही (दृष्टिहीनांसाठी पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरलाही) वाचता येते. नजर वर-खाली करावी लागते, हे खरं. दहा भाग असतील तर मी आकडेच घेईन, तेही घड्याळाच्या दिशेने क्रमाने लावलेले.